श्वानांसाठी हरताळ : मुंबई, १८३२

१/
७ जून १८३२. मुंबईच्या किल्ल्यातील बाजारपेठ त्या दिवशी उघडली नाही. दुकानांना कुलपे लागली, रस्त्यांवर जमाव उतरला आणि इंग्रज फौजेकडे जाणारी रसद अडवण्यात आली. हा संताप कराविरुद्ध नव्हता आणि धान्याच्या महागाईविरुद्धही नव्हता. तो कुत्र्यांसाठी होता. इंग्रजी अमलातील मुंबईच्या पहिल्या मोठ्या दंगलींमध्ये तिची गणना होते. गल्लीतल्या कुत्र्याने या शहरात जगावे का, आणि जगायचे तर कोणाच्या जबाबदारीवर, हा प्रश्न तेव्हा पहिल्यांदा सरकारदरबारी गेला. आज, जवळपास दोनशे वर्षांनंतरही, तो न्यायालयांतून परत आलेला नाही. #इतिहास #मुंबई

२/
आधी त्या काळची मुंबई डोळ्यांसमोर आणू. लोकसंख्या दोन लाखांच्या पुढे गेलेली. दक्षिणेला तटबंदी आणि खंदक असलेला किल्ला. आजच्या ‘फोर्ट’ला नाव मिळाले ते त्याच्यामुळेच. तट पाडला जाण्यास अजून तीस वर्षे अवकाश होता. किल्ल्याच्या उत्तर भागात, बझारगेटच्या बाजूस, पारशी आणि गुजराती व्यापाऱ्यांची दाट वस्ती. तटाबाहेर ‘नेटिव्ह टाउन’. कुलाबा अजून वेगळे बेट होते. त्याला जोडणारा कॉजवे १८३८ मध्ये पूर्ण झाला. घरे एकमेकांना खेटून, कचऱ्याची व्यवस्था तोकडी, आणि जिथे कचरा तिथे कुत्रे.

३/
हा कुत्रा कोणाच्या मालकीचा नव्हता, पण तो अनाथही नव्हता. देशी कुत्रा गल्लीला बांधलेला असतो. एका पेढीचा ओटा, दोन घरांचे उष्टे, चार ओळखीची माणसे एवढे त्याचे जग. रात्री अनोळखी पाऊल वाजले की तो भुंकतो, आणि त्या बदल्यात गल्ली त्याला पोसते. या नात्याला ना पट्टा होता, ना परवाना, ना कागद. इंग्रज प्रशासनाला मात्र कुत्र्यांचे दोनच प्रकार ओळखता येत होते : मालक असलेला आणि बेवारस. मुंबईतले बहुसंख्य कुत्रे या दोहोंच्या मधल्या जागेत राहत होते. पुढच्या साऱ्या संघर्षाचे मूळ याच मधल्या जागेत आहे.

४/
प्रशासनाची भीती मात्र खोटी नव्हती, हेही नोंदवले पाहिजे. पिसाळलेल्या कुत्र्याचा दंश म्हणजे त्या काळी बहुधा मृत्यूची चाहूल. रोगाची लक्षणे दिसायला आठवडे, कधी महिने लागत. मग घशाला झटके, पाण्याची भीती, भ्रम आणि काही दिवसांत शेवट. लस नव्हती. रोगाचे कारण ठाऊक नव्हते. जखम डागणे एवढाच काय तो उपाय. रेबीजची लक्षणे एकदा उमटली की आजही रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते. १८३२ मध्ये तर प्रत्येक दंशानंतरचे आठवडे म्हणजे फाशीच्या हुकुमाची वाट पाहणे. रस्त्यावर झोपणाऱ्या मजुराला आणि अंगणात खेळणाऱ्या मुलाला या भीतीची झळ सर्वात आधी लागे.

५/
उन्हाच्या तडाख्याने कुत्रे पिसाळतात, असा युरोपात फार जुना समज होता. आकाशातील सर्वात तेजस्वी तारा, ज्याला आपण व्याध म्हणतो, पाश्चात्त्य परंपरेत ‘श्वानतारा’ आहे. त्याच्या उदयाचे कडक उन्हाळ्याचे दिवस तिकडे कुत्र्यांच्या नावानेच ओळखले जात. मुंबईतही १८१३ च्या पोलीस नियमाने कुत्रे मारण्यासाठी उष्म्याचेच ठरावीक आठवडे नेमून दिले होते. वस्तुतः रेबीज हा विषाणूजन्य रोग आहे. तो चाव्यातून पसरतो, उन्हातून नव्हे. पण विषाणूची कल्पनाच जन्माला आली नव्हती. कुत्र्याच्या आयुष्याचा निर्णय ऋतू पाहून होत होता.

६/
१८३२ च्या उन्हाळ्यात ही मुदत जूनपर्यंत वाढवण्यात आली. त्यातच मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे इनाम मिळे. गरीब माणसाच्या लेखी आठ आणे ही लहान रक्कम नव्हती. नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पिसाळलेला, माणसांवर धावून जाणारा कुत्रा असावा. पण इनाम कुत्र्याच्या रोगावर मिळत नव्हते. ते नुसत्या आकड्यावर मिळत होते.

७/
आकड्यावर इनाम ठेवले की काय होते, हे पुढे जगाच्या इतिहासात अनेकदा दिसून आले. पिसाळलेला कुत्रा पकडणे जिवावरचे काम. रानोमाळ हिंडणारा कुत्रा हाती लागत नाही. सर्वात सहज सापडतो तो माणसाळलेला : हाक मारली की शेपूट हलवत येणारा, ओट्यावर निवांत झोपलेला. साहजिकच इनामाच्या लोभाने पहिला बळी जाऊ लागला तो निरुपद्रवी कुत्र्याचा. शिपाई घरांच्या आवारात शिरू लागले, पाळलेले कुत्रेही ओढून नेऊ लागले, अशी लोकांची तक्रार होती. संरक्षणासाठी केलेला नियम आता उंबरठा ओलांडून आत आला होता.

८/
हा उंबरठा पारशी घराचा होता, म्हणून ठिणगी तिथे पडली. जरथुष्ट्री धर्मात कुत्र्याचे स्थान जगातील क्वचितच एखाद्या धर्मात असेल इतके वरचे आहे. ‘वेंदिदाद’ या अवेस्ता ग्रंथात कुत्र्यांवर सविस्तर विवेचन आहे : कुत्र्याला मारणे, जखमी करणे, इतकेच नव्हे तर त्याला निकृष्ट अन्न देणे हेसुद्धा पाप मानून त्यासाठी शिक्षा सांगितल्या आहेत. मृत्यूनंतर आत्म्याला जो चिन्वत पूल ओलांडावा लागतो, त्याच्या रक्षणाशीही श्वानांचे नाव जोडलेले आहे.

९/
अंत्यविधीत तर कुत्र्यावाचून चालत नाही. पारशी मृतदेहासमोर कुत्रा आणला जातो आणि त्याची दृष्टी देहावर पडू दिली जाते. या विधीला ‘सगदीद’ म्हणतात. सग म्हणजे कुत्रा, दीद म्हणजे पाहणे. डोळ्यांच्या वर दोन ठिपके असलेला ‘चार डोळ्यांचा’ कुत्रा यासाठी विशेष योग्य मानला जाई. कुत्र्याची नजर मृत्यूची अशुद्धी दूर सारते, ही त्यामागची श्रद्धा. रोजच्या जेवणाआधी कुत्र्यासाठी घास बाजूला काढण्याची प्रथाही होती. गुजरातीत तिला ‘कुत्रानो बूक’ म्हणत. ज्या प्राण्याचा घास आपल्या घासाआधी निघतो, त्याला दारातून फरफटत नेऊन काठीने ठेचणे हे त्या घराने कसे पाहावे?

१०/
शेजारच्या घरांतही कुत्रा परका नव्हता. जैनांसाठी कोणत्याही जिवाची हत्या म्हणजे पाप. हिंदू घरांत पितरांच्या पानाबरोबर गाय, कावळा आणि कुत्रा यांचा वाटा निघे. दत्तात्रेयाच्या पायाशी चार कुत्रे असतात, खंडोबाच्या घोड्यासोबत कुत्रा धावतो. श्रद्धांची कारणे निरनिराळी होती. पण ‘दारचा कुत्रा मारू नये’ या एका वाक्यावर त्यांचे एकमत होते. किल्ल्याच्या अरुंद गल्ल्यांत ही माणसे भिंतीला भिंत लावून राहत होती आणि पेढ्यांवर एकत्र व्यवहार करत होती. एकाच्या दारातील आक्रोश दुसऱ्याला सहज ऐकू जात होता.

११/
६ जून १८३२, बुधवार. पारशांच्या दृष्टीने हा पवित्र दिवस होता. त्या दिवशीही कुत्रे पकडण्याचे काम थांबले नाही. किल्ल्याच्या परिसरात जमाव जमला आणि कुत्रे मारण्यास आलेल्या दोन युरोपीय शिपायांवर तुटून पडला. एवढ्यावर हे थांबले असते तर इतिहासाने कदाचित त्याची दखल घेतली नसती. पण रात्रीतून बातमी पेढ्यापेढ्यांवर पोचली.

१२/
दुसऱ्या दिवशी हरताळ. पारशांनी दुकाने बंद केली, आणि त्यांच्यासोबत हिंदू, जैन आणि इस्माइली मुसलमान व्यापारीही उतरले. जमाव फिरून उघडी दुकाने बंद करायला लावत होता. पोलीस कचेरीवर कचरा आणि मेलेले उंदीर फेकले गेले. किल्ला आणि कुलाब्याच्या छावणीकडे जाणारे खाद्यपदार्थ अडवले गेले. पुढे याच शहरात १८५१ आणि १८७४ मध्ये पारशी आणि मुसलमान एकमेकांविरुद्ध रस्त्यावर उतरले. हे लक्षात घेतले, तर १८३२ च्या त्या दिवसाचे वेगळेपण उमगते. एका मुक्या प्राण्याच्या निमित्ताने त्या दिवशी निरनिराळ्या धर्मांचे लोक एकाच बाजूला उभे होते.

१३/
रसद अडवणे हा या हरताळातील सर्वात धारदार भाग. मुंबईत इंग्रजांकडे तोफा होत्या, तट होता, न्यायालय होते. पण रोजची भाकरी स्थानिक पुरवठादारांच्या हातात होती. कुलाब्याकडे तर तेव्हा धड रस्ताही नव्हता; ओहोटीची वेळ साधून ये-जा करावी लागे. अशा ठिकाणच्या सैनिकाला एक सकाळ उपाशी ठेवणे म्हणजे राज्य कोणाच्या आधारावर उभे आहे याची आठवण करून देणे होते. ही आठवण सरकारला फारशी रुचली नाही.

१४/
फौज बोलावण्यात आली. ‘रायट अॅक्ट’ जमावासमोर वाचून दाखवला गेला. हा अठराव्या शतकातील इंग्रजी कायदा. तो मोठ्याने वाचला गेल्यावर तासाभरात न पांगणारा प्रत्येक जण गंभीर गुन्हेगार ठरे. धरपकड झाली, जमाव पांगला, खटले उभे राहिले आणि काहींना शिक्षाही झाल्या. रस्त्यावरचा अध्याय दोन दिवसांत आटोपला. खरा प्रश्न मात्र आता चर्चेच्या मेजावर आला : कुत्र्यांचे करायचे काय?

१५/
या दंगलीकडे केवळ ‘प्राणिप्रेमाची लाट’ म्हणून पाहणे अपुरे ठरेल. लोक कुत्र्यासाठी चिडले होतेच. पण ते आणखी एका गोष्टीसाठी चिडले होते. सरकारी माणूस घराच्या आवारात कोणत्या अधिकाराने शिरतो? कोणता प्राणी ‘बेवारस’ हे कोण ठरवणार? धर्माच्या रोजच्या आचरणात हात घालण्यापूर्वी विचारायचे कोणाला? पारशी समाजाची कोंडी तर दुहेरी होती. त्यांची भरभराट इंग्रजांच्या व्यापारावर उभी होती. श्रीमंत शेठियांना दंगलखोर म्हणवून घेणे परवडणारे नव्हते, आणि आपल्या समाजाच्या भावना नाकारणेही शक्य नव्हते.

१६/
या पेचातून वाट काढणाऱ्यांत प्रमुख होते जमशेटजी जीजीभॉय. जन्म १७८३ चा. चीनच्या व्यापारात अफाट संपत्ती मिळवलेले, पुढे १८४२ मध्ये ‘सर’ आणि १८५७ मध्ये बॅरोनेट झालेले. त्यांच्यासह प्रतिष्ठित व्यापाऱ्यांनी सरकारपुढे अर्ज केला. त्या वेळी गव्हर्नर होते लॉर्ड क्लेअर. दंगलीचे समर्थन न करता, भावना मात्र खऱ्या आहेत, असा हा सूर होता. अखेर तडजोड निघाली : कुत्रे ठार न मारता शहराबाहेर नेऊन सोडावेत. सरकारची अब्रू राहिली, शेठियांची पत वाढली, आणि काठ्या खाली आल्या.

१७/
पण या तडजोडीत कुत्र्याच्या वाट्याला काय आले? जीव वाचला, गल्ली गेली. ओटा, ओळखीची माणसे, उष्ट्याची वेळ हे सगळे मागे राहिले. देशी कुत्रा जिथे वाढतो तिथल्या हद्दीवर जगतो. अनोळखी जागी त्याच्यासमोर दोनच वाटा असतात : तिथल्या कुत्र्यांशी लढणे किंवा भुकेने हिंडणे. शहराला कुत्रा डोळ्यांसमोर नको होता, लोकांना तो मेलेला नको होता. ‘बाहेर सोडणे’ या उपायाने दोघांचे समाधान झाले. कुत्र्याने पुढे खावे काय, याचे उत्तर मात्र कोणी दिले नव्हते.

१८/
ते उत्तर दोन वर्षांनी आले आणि ते विटा-चुन्यात आले. १८३४ मध्ये भुलेश्वर भागात मुंबईची पांजरापोळ सुरू झाली. एका बाजूला पारशी जमशेटजी जीजीभॉय, दुसऱ्या बाजूला शेठ मोतीशा म्हणून ओळखले जाणारे जैन व्यापारी मोतीचंद अमीचंद. मारण्याच्या भीतीतील कुत्रे आणि इतर बेवारस जनावरे यांना ठेवायला जागा, चारा, पाणी अशी ही सोय. हरताळात एकत्र आलेल्या बाजारपेठेने आता एकत्र थैली सोडली. व्यापाऱ्यांनी आपल्या मालाच्या उलाढालीवर स्वतःहून ‘लागा’ बसवला आणि त्यातून पांजरापोळीचा खर्च चालू लागला. सरकारने न लावलेला, बाजाराने स्वतःवर लावून घेतलेला हा कर. भुलेश्वरच्या गर्दीत ती पांजरापोळ आजही उभी आहे.

१९/
ही कल्पना मुंबईची नवी नव्हती. सोळाव्या-सतराव्या शतकात खंबायत आणि सुरतेस आलेल्या युरोपीय प्रवाशांनी तिथली जनावरांची इस्पितळे पाहून आश्चर्य नोंदवले आहे. लंडनमध्ये हरवलेल्या आणि उपाशी कुत्र्यांसाठी मेरी टील्बी या बाईंनी आसरा सुरू केला तो १८६० मध्ये. तोच पुढे बॅटरसी येथे प्रसिद्धीस आला. म्हणजे भुलेश्वरची पांजरापोळ त्याहून सव्वीस वर्षांनी वडील. ‘प्राण्यांवर दया करणे आपण साहेबाकडून शिकलो’ असे कोणी म्हणाले, तर हे सन पुढे करावे.

२०/
तरीही पांजरापोळीला स्वर्ग समजण्याचे कारण नाही. तिचा पाया अहिंसेचा होता, आणि अहिंसेची पहिली अट ‘मारू नये’ एवढीच असते. दाटीवाटी, आजारी जनावरे, एकमेकांत पसरणारे रोग हे अशा संस्थांपुढचे जुने प्रश्न. जनावर मरत नव्हते, पण ते कसे जगत होते? कुत्र्याला धावायला जागा हवी, माणसाची सोबत हवी, आजारपणात वैद्य हवा. मरण टाळणे आणि चांगले जगू देणे यांत अंतर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईने ते अंतर कापायला सुरुवात केली.

२१/
१८७४ मध्ये प्राण्यांवरील क्रूरतेला आळा घालणारी संस्था मुंबईत स्थापन झाली. १८८३ मध्ये परळला जनावरांचे इस्पितळ उभे राहिले. सर दिनशॉ माणेकजी पेटिट यांच्या पत्नीच्या नावावरून ते बाई साकरबाई इस्पितळ म्हणून ओळखले जाते. १८८६ मध्ये परळलाच पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. मधल्या काळात, जुलै १८८५ मध्ये, पॅरिसला लुई पाश्चर यांनी कुत्रा चावलेल्या एका मुलाला रेबीजविरोधी लस टोचली आणि तो वाचला. हिंदुस्थानात १९०० मध्ये कसौलीला पाश्चर संस्था निघाली. पोटात घ्यावी लागणारी ती चौदा इंजेक्शने आजी-आजोबांच्या पिढीला चांगलीच आठवतात. चावलेला माणूस आता वाचू शकत होता. चावणाऱ्या कुत्र्याबाबतचा विचार मात्र तिथेच होता.

२२/
कारण कालांतराने कुत्रे मारण्याची पद्धत नव्या, महापालिकेच्या, व्यवस्थेत पुन्हा रूढ झाली. ती थेट १९९४ पर्यंत चालली. आठ आण्यांचे इनाम गेले, काठीच्या जागी यंत्र आले, पण तर्क तोच : संख्या कमी करायची तर मारायचे. इतकी वर्षे मारूनही संख्या का घटली नाही? एका गल्लीतले कुत्रे उचलले की ती हद्द रिकामी होते. कचरा मात्र तसाच राहतो. शेजारच्या गल्लीतले कुत्रे तिथे येतात, अन्न भरपूर असल्याने पिल्ले अधिक जगतात. नव्या कुत्र्यांना गल्लीतली माणसे अनोळखी, म्हणून भुंकणे आणि चावणेही अधिक. लस न दिलेली पिढी जाते आणि लस न दिलेलीच पिढी येते. रोग जिथल्या तिथे राहतो.

२३/
१९९४ मध्ये मुंबईने वाट बदलली. कुत्रा पकडायचा, निर्बीजीकरण करायचे, रेबीजची लस टोचायची, कानाच्या टोकाला छोटी खाच करून खूण ठेवायची आणि जिथून उचलला त्याच गल्लीत परत सोडायचा. १९९८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या कार्यक्रमासाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. २००१ मध्ये केंद्र सरकारच्या नियमांनी ही पद्धत देशभर लागू केली. २०२३ च्या सुधारित नियमांनी तीच चौकट कायम ठेवली. १८३२ च्या तडजोडीशी याची तुलना करून पाहावी. तेव्हा कुत्र्याला जीव मिळाला आणि त्याची गल्ली गेली. आता त्याला त्याची गल्ली परत मिळाली, कारण लसवंत, ओळखीचा, पिल्ले न होणारा कुत्रा स्वतःच्या हद्दीत राहणे हे माणसाच्याही हिताचे आहे, असे आढळून आले.

२४/
ही पद्धत कागदावर सोपी आणि रस्त्यावर अवघड आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते परिसरातील सुमारे ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली, तरच रेबीजची साखळी तुटते. आणि ते दरवर्षी टिकवावे लागते. गोव्याने २०१३-१४ पासून मोठ्या प्रमाणावर लसीकरणाची मोहीम राबवली, शाळांतून मुलांना श्वानदंशाबद्दल शिकवले, संशयित कुत्र्यांचा माग ठेवला. २०२१ मध्ये हे राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. मुंबईत २०१४ च्या गणनेत भटक्या कुत्र्यांची संख्या ९५ हजारांच्या आसपास भरली होती. एवढ्या कुत्र्यांपर्यंत लस पोचवणे हे काम भावनेचे कमी आणि नियोजनाचे अधिक आहे. जिथे हे नियोजन ढिले पडते, तिथे चावा बसतो तो बहुधा रस्त्यावरच्या गरिबालाच. १८३२ मध्येही तसेच होते.

२५/
दरम्यान उंबरठ्याचा प्रश्न नव्या रूपात परतला. तेव्हा शिपाई दारात येत. आज सोसायटीची नोटीस येते. ‘कुत्रा पाळणाऱ्यास घर भाड्याने नाही’, ‘लिफ्टमधून कुत्रा नेऊ नये’, ‘सर्वसाधारण सभेचा ठराव आहे’. भारतीय पशुकल्याण मंडळाने २०१५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढून सांगितले, की बहुमताचा ठराव झाला तरी गृहनिर्माण संस्थेला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही आणि लिफ्टही नाकारता येत नाही. त्याच वेळी मालकाने स्वच्छता राखावी, लसीकरण करावे, शेजाऱ्यांना त्रास होऊ देऊ नये, हेही सांगितले. राज्यघटनेच्या कलम ५१ अ मध्ये, १९७६ च्या दुरुस्तीनंतर, सजीव प्राण्यांबद्दल दयाबुद्धी बाळगणे हे नागरिकांचे मूलभूत कर्तव्य म्हणून नोंदले गेले आहे.

२६/
आणि वाद अजून मिटलेला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या एका खंडपीठाने दिल्ली परिसरातील भटके कुत्रे उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला. काही दिवसांतच मोठ्या खंडपीठाने तो बदलला : निर्बीजीकरण व लसीकरण करून कुत्रे मूळ जागी सोडावेत, मात्र रेबीजग्रस्त वा आक्रमक कुत्रे सोडू नयेत, आणि खाऊ घालण्यासाठी ठरावीक जागा नेमाव्यात. नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालये, बस व रेल्वे स्थानके यांसारख्या आवारांसाठी वेगळा, अधिक कडक आदेश आला. ‘बाहेर सोडा’, ‘पांजरापोळीत ठेवा’, ‘गल्लीतच राहू द्या’ हे तिन्ही जुने पर्याय एकाच वर्षात पुन्हा देशासमोर मांडले गेले.

२७/
या साऱ्या प्रवासात एक सूत्र दिसते. शहरात कुत्र्याचे आयुष्य केवळ प्रेमाने सुधारले नाही आणि केवळ भीतीने संपलेही नाही. ते सुधारले तेव्हा, जेव्हा कोणीतरी त्याचा खर्च आणि काम अंगावर घेतले. १८३२ च्या हरताळाने हत्या थांबवली, पण कुत्र्याला खायला घातले ते १८३४ च्या लाग्याने. परळच्या इस्पितळाने त्याला वैद्य दिला. १९९४ च्या बदलाने त्याची गल्ली राखली. प्रत्येक वेळी संतापानंतर कोणीतरी हिशेबाची वही उघडून बसले होते.

२८/
म्हणून आज एखाद्या सोसायटीत कुत्र्यावरून भांडण पेटले, तर दोन्ही बाजूंनी विचारण्यासारखे प्रश्न साधे आहेत. या गल्लीतील किती कुत्र्यांच्या कानाला खाच आहे? शेवटची लस केव्हा झाली? त्यांना खाऊ कोण घालते, कुठे, कोणत्या वेळी, आणि मागची जागा स्वच्छ कोण करते? कोणाला चावा बसलाच, तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच लस घ्यायची, हे वॉचमनपासून मुलांपर्यंत सर्वांना ठाऊक आहे का? या प्रश्नांची उत्तरे जिथे मिळतात, तिथे म्हातारी माणसे निर्धास्त फिरतात आणि कुत्राही आपल्या ओट्यावर निवांत झोपतो.

२९/
भुलेश्वरला कधी जाणे झाले, तर सी. पी. टँकच्या बाजूने पांजरापोळीची गल्ली धरावी. आत गायींना चारा घालणाऱ्यांची वर्दळ असते. ही जागा मुळात कोणासाठी उघडली गेली, हे त्या गर्दीत फार थोड्यांना ठाऊक असते. ती आठ आण्यांना विकल्या जाणाऱ्या जिवांसाठी उघडली गेली होती.

(समाप्त)